सर्वांची बाग आणि आपले हात

रविवारची मिस्सा संपली, की चर्चच्या आवारात मंडळी घटकाभर रेंगाळतात. कोणी आजाऱ्याची विचारपूस करतो, कोणी मुलीच्या सोयरिकीचा विषय काढतो, मुले झाडाखाली धावत सुटतात. धर्मग्रामाचे जीवन बरेचसे या अंगणातच घडत असते. परंतु तेथला पाचोळा कोणी झाडावयाचा, वाकलेले कुंपण कोणी सरळ करावयाचे, असा प्रश्न निघाला, की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहू लागतो. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत किती घातक आहे, आणि ती मोडता येते ती कशी, हे दाखविणारी एका लहानशा बागेची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बडोद्याची कमाटी बाग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १८७९ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत ती उभी राहिली. तिला राजाश्रय होता. आम्ही सांगत आहोत ती बाग मात्र लंडनमधील गरिबांच्या वस्तीतील. थेम्स नदीच्या दक्षिणेस सदर्क नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे कारखाने, गोदामे आणि दाटीने उभी असलेली घरे यांवाचून दुसरे काही दिसत नसे. एकेका खोलीत एकेक कुटुंब राही. मुलांना खेळावयास रस्ता आणि वृद्धांना बसावयास उंबरठा, एवढीच काय ती मोकळी जागा.

अशा लोकांसाठी ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी आपले आयुष्य वेचले. त्यांचा जन्म १८३८ चा. १८६५ साली सुप्रसिद्ध ग्रंथकार जॉन रस्किन यांनी पुरविलेल्या पैशातून त्यांनी काही मोडकळीस आलेली घरे हाती घेतली आणि ती दुरुस्त करून गरिबांना भाड्याने दिली. भाडे गोळा करावयास त्या व त्यांच्या सहकारी स्त्रिया दर आठवड्यास स्वतः दारोदार जात. भाड्याच्या बाबतीत हिलबाई मोठ्या काटेकोर होत्या. परंतु त्या फेरीतच कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाचे काम सुटले आहे, हेही त्यांना कळे. या अनुभवातून त्यांची खात्री झाली, की एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबास घराबाहेरही एक बैठकीची खोली पाहिजे. तिला छप्पर नसले तरी चालेल, पण झाडे आणि बाके असावीत.

पुढे आंग्ल चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने सदर्कमधील काही घरांचा कारभार हिलबाईंकडे सोपविला आणि बागेसाठी एक जागाही दिली. ती जागा कशी होती? तेथील कागदाचा कारखाना आगीत खाक झाला होता आणि जळक्या कागदांचे थर जमिनीवर साचले होते. ते सारे काढून टाकल्यावरच फावडे मातीला लागले. १८८७ साली तेथे ‘रेड क्रॉस गार्डन’ खुले झाले. युद्धातील जखमींची सेवा करणाऱ्या प्रसिद्ध संस्थेशी या नावाचा संबंध नाही. ते त्या रस्त्याचेच नाव. बागेत फुलांचे ताटवे होते, कारंजे असलेले तळे होते, वाद्ये वाजविण्यासाठी चौथरा होता. एका भिंतीवर शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचे चित्र रंगीत तुकड्यांनी जडविलेले होते. शेजारीच टुमदार घरांची एक ओळ आणि वस्तीतील लोकांना एकत्र जमता यावे म्हणून एक सभागृहही उभे राहिले.

हिलबाई १९१२ साली निवर्तल्या. पुढे विसाव्या शतकाच्या ओघात बागेची कळा गेली. तळे गेले, चौथरा गेला. ताटव्यांच्या जागी साधे गवत आणि डांबर आले. जमीन तीच होती, कुंपणही होते. परंतु बाग नव्हती! जमिनीचे दानपत्र एकदाच लिहावे लागते. बाग मात्र दर आठवड्यास नव्याने करावी लागते, हाच यातील बोध नव्हे काय?

सुदैवाने हकीकत येथेच संपत नाही. नव्या शतकाच्या आरंभी त्या भागातील एका विश्वस्त संस्थेने ही बाग हाती घेतली, आणि २००६ पर्यंत जुन्या नकाशाप्रमाणे तिचा जीर्णोद्धार झाला. तळे पुन्हा भरले, ताटवे पुन्हा फुलले. तेव्हापासून आसपासचे स्वयंसेवक हातात खुरपे घेऊन तेथे येत आले आहेत. ते येतात बागेसाठी, पण परततात ते ओळखी घेऊन. मोठ्या शहरात भिंतीला भिंत असूनही परकी राहणारी माणसे एका वाफ्याशी वाकली, म्हणजे शेजारी होतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नेमका हाच विचार मांडला आहे. एखादा चौक, एखादे कारंजे, एखादी दुर्लक्षित वास्तू सर्वांची म्हणून जपणारे लोक केवळ ती वस्तू राखीत नाहीत. त्या कामाभोवती माणसांचे तुटलेले संबंधही पुन्हा जुळतात, असे ते सांगतात.

आता आपल्याकडे पाहू. पुष्कळ धर्मग्रामांत असा एखादा वृद्ध गृहस्थ असतो, जो मिस्सेपूर्वी येऊन झाडांना पाणी घालतो. आपण त्याचे कौतुक करतो आणि निश्चिंत होतो. तो अंथरुणास खिळला, म्हणजे मात्र पहिल्याच उन्हाळ्यात झाडे वाळतात. एकट्याच्या खांद्यावरील सेवा त्याच्याबरोबरच संपते. म्हणून कामाची वाटणी हवी. प्रत्येक वाड्याने एकेक आठवडा घ्यावा. पावसाळ्यापूर्वी दफनभूमीतील गवत व चर साफ करावेत. मुलांच्या हाती एकेक रोप द्यावे. घरटी महिन्यातून एक तास फार नव्हे. पण तो चुकू नये, यातच सारे आले.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी सर्वत्र सारखेच होते. फरक होता तो जमिनीचा. आपल्या अंगणाची जमीन चांगली आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर घटकाभर रेंगाळताना कोणी तरी झाडू हाती घ्यावा. दुसरा आपोआप पुढे येईल, असा आमचा विश्वास आहे.