गोदामातील बॅटरीची फोर्कलिफ्ट चालता चालता थांबते? कंट्रोलर बदलण्याआधी हे तपासा

सोयाबीनचा हंगाम भरात आहे, गोदामाच्या दारात ट्रक उभा आहे आणि पॅलेट उचललेली फोर्कलिफ्ट मध्येच थांबते. पेडल दाबले तरी चाक हलत नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की गाडी चालते, थोड्या वेळाने पुन्हा तेच. मेकॅनिक येतो तेव्हा ती नेमकी नीट चालत असते! मग अंदाजाने बॅटरी किंवा कंट्रोलर बदलण्याचा सल्ला मिळतो. हे दोन्ही भाग महाग असतात आणि बदलूनही दोष तसाच राहू शकतो.

बुलडाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या भागांत सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापसाची मोठी उलाढाल होते. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या गोदामांत आणि जिनिंगमध्ये बॅटरीवरची फोर्कलिफ्ट किंवा स्टॅकर वापरात असेल, तर पुढील माहिती संचालकांनी आणि चालकांनी सोबत वाचावी. ५० किलोचे २० कट्टे म्हणजे एका फेरीत एक टन माल. गाडी थांबली की तो सगळा भार पुन्हा हमालांच्या पाठीवर येतो.

पहिला प्रश्न: काटे वर जातात का?

गाडी थांबली त्याच क्षणी, चावी बंद न करता, काटे वर-खाली करून पहा. भार असतानाही काटे जोरात उचलले जात असतील, तर बॅटरी, मुख्य केबल आणि मुख्य कॉन्टॅक्टर बहुधा ठीक आहेत. कारण भार उचलताना पंपाची मोटार भरपूर करंट ओढते. अशा वेळी दोष चालण्याच्या सर्किटमध्ये शोधावा. काटेही बंद असतील तर बॅटरी, तिचा मोठा प्लग, चावीचा स्विच किंवा सीटचा स्विच यांच्याकडे वळा. काही गाड्यांत सीटचा स्विच चालणे आणि उचलणे दोन्ही बंद करतो, एवढे लक्षात ठेवा.

बॅटरी उतरली की बऱ्याच गाड्या आधी काटे उचलणे बंद करतात, चालणे सुरू ठेवतात, म्हणजे गाडी चार्जरपर्यंत पोहोचते. त्यामुळे ‘उचलते पण चालत नाही’ या तक्रारीत बॅटरीवर पहिला संशय घेऊ नये. डिस्प्लेवर कोड आला असेल तर चावी फिरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक जण इथेच चुकतात: चावी फिरते, कोड जातो आणि मेकॅनिकला सांगायला काही उरत नाही.

कधी थांबते, ते वहीत लिहा

कारण बहुतेक वेळा या नोंदींतून सापडते. गाडीवर वही बांधा. वेळ, गाडी रिकामी की भरलेली, वळणावर की सरळ, उंबरठ्यावर की सपाट फरशीवर, एवढे लिहिले तरी पुरे.

उंबरठा किंवा खड्डा ओलांडताना थांबत असेल तर सीटचा स्विच, सैल प्लग किंवा सैल थिंबल पहा. हलक्या वजनाचा चालक बसला की असे होते आणि दुसरा बसला की होत नाही, तर दोष जवळजवळ नक्की सीटच्या स्विचचा. एकाच बाजूला वळताना थांबत असेल, तर वळणाबरोबर हलणारी वायर आतून तुटलेली असू शकते. स्टॅकरमध्ये हँडलच्या बुडाशी वायर सतत वाकते, आणि हँडल ठरावीक कोनात असतानाच चालू देणारा छोटा स्विचही तिथेच असतो.

दुपारी, तासभर सलग काम झाल्यावर गाडी आधी मंद होत जाते आणि सावलीत उभी केल्यावर पूर्ववत होते, तर ती तापते आहे. कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात कंट्रोलरच्या पंख्यावर आणि पट्ट्यांवर धुळीचा किंवा कापसाच्या तंतूंचा थर असेल तर उष्णता बाहेर पडत नाही. ब्लोअरने कोरडी स्वच्छता करा, पाण्याचा फवारा मारू नका.

गाडी बिघडलेली नसते, क्रम चुकतो

चालक खाली उतरून सरकलेला कट्टा नीट करतो, परत बसतो, दिशेचा खटका ‘पुढे’ मध्येच आहे आणि पाय पेडलवर. गाडी हलत नाही. हा दोष नव्हे, सुरक्षेची सोय आहे. पाय पेडलवरून काढा, खटका मध्ये आणा, नीट बसा, हँडब्रेक सोडा, मग दिशा आणि शेवटी पेडल. नवीन चालक असलेल्या गोदामात हे आधी तपासा.

क्रम बरोबर असूनही अडते तेव्हा ब्रेकचा आणि हँडब्रेकचा स्विच पहा. पेडल पूर्ण वर येत नसेल, खाली माती अडकली असेल, तर कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो. धान्याच्या गोदामात उंदरांनाही विसरू नका. सीटखालच्या आणि फरशीखालच्या वायरी कुरतडलेल्या आढळतात. वायर पूर्ण तुटलेली नसल्यामुळे दोष येतो-जातो.

बॅटरी आणि प्लग

४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत २४ सेल असतात. पूर्ण चार्ज होऊन काही तास थांबलेली बॅटरी साधारण ५० ते ५१ व्होल्ट दाखवते. पण खरी परीक्षा भाराखाली होते. भार उचलताना व्होल्टेज ४२ च्या खाली कोसळत असेल तर एकेक सेल मोजावा. चांगल्या बॅटरीत चार्जनंतर हायड्रोमीटरचे माप १.२८० च्या आसपास येते. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३० हून कमी असेल तर तो कमजोर आहे. डिस्टिल्ड वॉटर टाकल्यावर लगेच माप घेऊ नये. रात्री वीज गेल्यावर चार्जर आपोआप पुन्हा सुरू होतो का, तेही एकदा पहा. अर्धीच चार्ज झालेली बॅटरी दुपारी दगा देते आणि बोल मात्र गाडीला लागतो.

सलग काम झाल्यावर बॅटरीच्या प्लगला बाहेरून हात लावा. एक बाजू जास्त गरम असेल किंवा आतले संपर्क काळवंडले असतील तर जोड सैल आहे. बॅटरीच्या वरच्या भागावर ॲसिडचा ओलावा असेल तर करंट बॉडीत झिरपतो आणि कंट्रोलर गोंधळतो. बॅटरी गाडीबाहेर काढून, झाकणे घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करावी. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेत. अंगठी, कडे काढून ठेवावे. चार्जिंगजवळ बिडी-सिगारेट नको.

सीटचा स्विच बांधून ठेवू नका

घाईत सीटचा स्विच तारेने जोडून ‘कायमचा चालू’ केला जातो. मग चालक उतरला तरी गाडी जिवंत राहते, खटक्याला धक्का लागला की चालू पडते, आणि समोर पाठ करून हमाल थप्पी लावत असतो. नवा स्विच मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा आणि हातगाडीने काम करा.

कव्हर उघडून वायर हलवून पाहणे, कॉन्टॅक्टरचे संपर्क, कार्बन ब्रश किंवा मोटारीचा वेग मोजणारा सेन्सर तपासणे हे जाणकार इलेक्ट्रिशियनचे काम आहे. तेव्हा चालते चाक जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर ठेवलेले असावे, आणि प्लग काढल्यावरही कंट्रोलरमध्ये काही काळ चार्ज राहतो हे त्याला ठाऊक असावे. मेकॅनिकला फोन करताना गाडीचे मॉडेल, मोटार डीसी की एसी, कोडचा फोटो आणि वहीतल्या शेवटच्या पाच-सहा नोंदी कळवा. म्हणजे तो येताना योग्य स्विच सोबत आणू शकेल आणि दुसरी फेरी वाचेल.