घरच्या आवाजाची प्रत

गिटार घेऊन बसलेला मुलगा आता महाड-पोलादपूरकडे नवलाचा राहिलेला नाही. कुणी एमआयडीसीतली पाळी संपवून संध्याकाळी तारा जुळवतो, कुणी कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी चाल बसवतो. मी कविता लिहितो हे ठाऊक असल्यानं यातली काही मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘चाचा, गाणं रेकॉर्ड करायचं तर मुंबईलाच जावं लागेल का?’ याचं उत्तर सोपं आहे. जावं लागत नाही. पण त्यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. रेकॉर्ड केलेलं पुढं टिकणार कसं? आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलू.

एके काळी ध्वनिमुद्रण म्हणजे स्टुडिओच. त्याचं भाडं सामान्य गायकाला परवडत नसे. १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर टिपायचे आणि नंतर एकत्र करायचे, एवढंच ते करी. अमेरिकेतल्या ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकानं अशाच यंत्रावर आपल्या घरात गाणी टिपली आणि १९८२ मध्ये त्याच कॅसेटवरून ‘नेब्रास्का’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. घरातल्या खोलीत टिपलेला आवाज जगभर ऐकला जाऊ शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आता लागतं काय? एक संगणक, एक मायक्रोफोन, कानाला लावायचे हेडफोन आणि मधला एक छोटा डबा. या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकमधून आलेली विजेची बारीक लहर तो मोठी करतो आणि तिचे आकडे बनवून संगणकाला देतो. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. असं एक मिनिट साठवायला सुमारे १० एमबी जागा लागते. संगणकात ‘ऑडॅसिटी’सारखं मोफत सॉफ्टवेअर घेतलं तरी सुरुवातीला पुरतं. इलेक्ट्रिक गिटारची वायर इंटरफेसमध्ये थेट लावता येते, मात्र ‘इन्स्ट्रुमेंट’ असं लिहिलेल्या जागी. साध्या लाकडी गिटारसाठी माइक हवा.

माइक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. कंडेन्सर माइक फार नाजूक कानाचा. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो तो इंटरफेसमधूनच मिळतो. तारेवरून सरकलेलं बोटही त्याला ऐकू येतं. पण पत्र्यावरचा पाऊस, शेजारचा मिक्सर, घाटाच्या रस्त्यावरचा ट्रक हेही तो तितक्याच आवडीनं ऐकतो. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो. जून ते सप्टेंबर ज्या मुलखात पाऊस थांबत नाही, तिथं घरात काम करणाऱ्यानं आधी डायनॅमिक माइक घ्यावा, असं मी सुचवीन.

माइक ठेवायचा कुठं? नवखा माणूस तो गिटारच्या गोल भोकासमोर धरतो आणि मग घुमणारा, ढोलासारखा आवाज येतो. दांडी जिथं पेटीला मिळते तिकडे, साधारण बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर किंवा थोडा अधिक दूर माइक ठेवून पाहावा. तारांचा स्वच्छपणा आणि लाकडाची ऊब दोन्ही मिळतात. खोलीत गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तर भिंतींवरून परतणारा आवाज कमी होतो. पंखा बंद करावा. पडद्यावरचा आवाजाचा काटा अगदी वरच्या टोकाला भिडू देऊ नये. तिथं आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

इतकी सामग्री घरात आल्यावर फक्त स्वतःचंच गाणं टिपावं का? आपल्या घरांत हळदीची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, भजनाच्या चाली आहेत. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत लग्नाच्या वेळी बायका म्हणतात ती गाणी आहेत. यातलं बरंचसं कुठल्याच वहीत नाही, ते म्हणणारीच्या गळ्यात आहे. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पुढं १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या काहींचा आवाजही टिपला गेला. आज तो साठा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. ओवीचे शब्द कागदावर उतरतात, पण म्हणणारी कुठं थांबते, कुठं श्वास घेते, हे आवाजातच कळतं.

आजीचं गाणं टिपताना गिटारवाल्यानं एक पथ्य पाळावं. आधी तिला एकटीला गाऊ द्यावं. तिचा सूर गिटारच्या पट्टीत बसेलच असं नाही आणि तिला त्या पट्टीत ओढलं तर तिची चाल बदलते. गिटार नंतर दुसऱ्या ट्रॅकवर वाजवता येते. हवं तर तारा तिच्या सुराला जुळवून घ्याव्यात. तिची परवानगी घ्यावी आणि मुद्रणाच्या सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख मोठ्यानं सांगून ठेवावी. वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

आता सीडीकडे वळू. दुकानात मिळणारी गाण्यांची सीडी साच्यातून छापलेली असते. तिच्यात बारीक खळगे असतात. आपण घरी जी सीडी ‘राइट’ करतो, तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरचा किरण त्या रंगावर उष्णतेनं खुणा उमटवतो आणि सीडी प्लेअर त्या खुणा खळग्यांसारख्या वाचतो. अशा एका तबकडीवर ८० मिनिटांचं गाणं मावतं. राइट करताना ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडला तरच ती जुन्या साध्या प्लेअरवर वाजते. फायली नुसत्या उतरवल्या तर ती डेटा सीडी होते. शेवटी ‘फायनलाइज’ करायला विसरू नये, नाहीतर दुसरा प्लेअर ती ओळखणार नाही. आणखी एक गोष्ट. एमपीथ्रीवरून ऑडिओ सीडी बनवली म्हणून एमपीथ्री करताना गाळलेला आवाज परत येत नाही. म्हणून मूळ मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात जपावं.

खरी काळजी त्या रंगाची आहे. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो उडतो. शिवाय सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत नसून वरची, नाव लिहायची बाजू आहे. चकाकणारा थर तिथं लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. बॉलपेननं दाबून लिहिलं, चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की आतला आवाज जखमी होतो. २००० ते २०१० या काळात आपल्याकडे लग्नं, मैफली, भजनं सीडीवर उतरवण्याची लाट होती. त्या तबकड्या आज पंधरा-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. काही वाजतात, काही अडखळतात, काहींवरचा आवाज गेला आहे. दिसायला मात्र सगळ्या सारख्याच. त्यात नव्या लॅपटॉपना बहुधा सीडीचा ड्राइव्ह नसतो. यूएसबीला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. गल्लीत एकानं घेतला तरी दहा घरांचं काम होतं.

आपल्या भागात पाण्याची भीती आणखी वेगळी. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि माणसंच गेली. त्या दुःखापुढं सीडीचं काय, असं वाटेल. पण गेलेल्या माणसाचा आवाज घरच्यांना किती मोलाचा असतो, हे ज्याचं माणूस गेलं त्याला विचारावं. चिखलात भिजलेली तबकडी चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्यानं धुवावी, कडेला धरून, मधून बाहेरच्या दिशेनं मऊ कापडानं टिपावी, सावलीत वाळवावी आणि लगेच तिची प्रत करावी.

प्रत करण्याचं महत्त्व आपल्याच मातीनं सांगितलेलं आहे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवाजी महाराजांवर ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य लिहिलं. त्याचं हस्तलिखित सदाशिव महादेव दिवेकर यांना मिळालं ते इथं नव्हे, दूर तंजावरात, आणि १९२७ साली ते पुण्याहून छापून आलं. कुणीतरी हातानं नक्कल केली आणि ती लांब ठेवली गेली, म्हणून ते काव्य आपल्यापर्यंत पोचलं. काव्य अपुरं आहे, पण आहे.

तोच नियम आवाजालाही लावावा. प्रती तीन असाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी पुराचं पाणी जिथं पोचणार नाही अशा ठिकाणी, मुंबईच्या भावाकडे, आखातातल्या पुतण्याकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. सीडी जरूर करावी, लग्नात वाटावी, पाहुण्यांना द्यावी. पण तिला टपाल समजावं, तिजोरी समजू नये. आणि दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी, कौलं शाकारतो किंवा पत्रे तपासतो त्याच दिवसांत, या तिन्ही प्रती एकदा लावून ऐकाव्यात. कपाटातल्या जुन्या सीडींपासून सुरुवात केली तरी चालेल. त्यातली एखादी अजून वाजत असेल, तर तिची प्रत त्याच दिवशी करून घ्यावी.