पाचोळ्यातला कर्ब, ओल्या कचऱ्यातले नत्र

शिशिरात पानगळ सुरू झाली, की महाराष्ट्रातील शहरांत रस्त्यांच्या कडेला आणि सोसायट्यांच्या आवारात पाचोळ्याचे ढीग साचतात व त्यांपैकी अनेकांना काडी लावली जाते. त्याच इमारतींतील भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा मात्र घंटागाडीतून कचराभूमीकडे रवाना होतो. या दोन पदार्थांची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावली जाते हेच मुळात चुकते, कारण कुजण्याच्या क्रियेत एकाची उणीव नेमकी दुसरा भरून काढतो.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्राचा मोठा हिस्सा, सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास, परत शोषून घेते, त्यामुळे वाळलेल्या पानात कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजे उरते. या दोहोंच्या वजनांच्या प्रमाणाला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. नत्राच्या एका भागामागे वाळक्या पानांत जातीनुसार साधारण ४० ते ८० भाग कर्ब असतो, तर भाजीपाल्याच्या कचऱ्यात तो १५ ते २० भागच असतो. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मानवते ते २५ ते ३०. त्यांच्या पेशींमध्ये कर्ब नत्राच्या आठ-दहा पटच असतो हे खरे; परंतु मिळालेल्या कर्बापैकी सुमारे दोन तृतीयांश ते श्वसनात खर्ची घालतात आणि उरलेल्यातूनच शरीर घडवतात, म्हणून त्यांची एकूण गरज तिप्पट होते. नुसता पाचोळा यामुळेच महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. नुसत्या ओल्या कचऱ्यात जास्तीचे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि पाण्यामुळे हवा कोंडली, की ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव दुर्गंधीयुक्त आम्ले व मिथेन तयार करू लागतात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. शिवाय तो ज्वलनशील असल्याने कचराभूमींवरील आगींनाही इंधन पुरवतो.

पाचोळा जाळल्याने त्यातील उरलेसुरले नत्रही हवेत जाते, पालाश व स्फुरद तेवढे राखेत राहतात आणि धुरातील अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. कोकणातील शेतकरी भातरोपांसाठी राब भाजतो तेव्हा तणांचे बी मारण्याचा हेतू तरी असतो. शहरातील सोसायटीला असे कोणतेही कारण देता येत नाही.

या पूरकतेचा पद्धतशीर वापर भारतातच विकसित झाला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात काम करताना पिकांचे अवशेष, पाने, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून व ते ठरावीक काळाने वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. या कामावरील १९३१ च्या ग्रंथावर त्यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे, जे आज फारसे कोणी घेत नाही आणि घ्यायला हवे.

घरगुती प्रमाणात हा हिशेब सोपा आहे. एक किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ८०० ग्रॅम पाणीच असते, त्यामुळे २०० ते ३०० ग्रॅम चुरलेला पाचोळा, म्हणजे आकारमानाने कचऱ्याइतका किंवा दुप्पट, मिसळला तरी गुणोत्तर जुळते आणि जादा ओलही शोषली जाते. सुरुवातीला आंबट ताक किंवा जुने खत विरजणासारखे घालतात. त्याने वेग येतो, पण ते अनिवार्य नाही, कारण आवश्यक जीवाणू पानांवर आधीच असतात. आठवड्यातून एकदा-दोनदा ढवळून हवा खेळती ठेवणे अधिक महत्त्वाचे. सुमारे एक मीटर लांब, रुंद व उंच ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन बहुतेक रोगजंतू आणि तणबिया नष्ट होतात; बादलीएवढ्या डब्यातून मात्र उष्णता लवकर निसटते, आणि म्हणूनच घरच्या खतातून टोमॅटो, भोपळा वा पपईची रोपे उगवतात.

खरी अडचण ऋतूंची आहे. पाचोळा मुख्यत्वे माघ ते चैत्रात मिळतो, ओला कचरा बारमाही निघतो आणि कोरड्या पदार्थाची सर्वाधिक निकड पावसाळ्यात भासते. त्यामुळे पानगळीतच पाने पोत्यांत भरून आडोशाला ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक सोसायटीने करायला हवी. खताबाबतही घाई नको. अर्धवट कुजलेले खत कुंडीत घातल्यास त्यातील जीवाणू कर्ब पचवण्यासाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपाची जुनी पाने पिवळी पडतात. म्हणून मूळ पदार्थ ओळखू येईनासा होऊन ओल्या मातीचा वास येईपर्यंत, साधारणतः दोन ते तीन महिने, थांबावे आणि मगच ते मातीत मिसळावे.