कॉम्प्युटरच्या तक्त्यात सौद्याच्या अटी पूर्ण दिसाव्यात

आपल्या व्यापारी बांधवांची शिकलेली मुले आता दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. काही त्याच्याही पुढे जाऊन ज्युपिटर नोटबुकमध्ये तो तपासतात. ज्युपिटर ही कॉम्प्युटरवरची कामाची वही आहे. एका चौकटीत हुकूम लिहायचा, खाली लगेच उत्तर दिसते. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन प्रोग्रॅमिंग भाषांच्या नावांवरून 2014 साली तिला हे नाव पडले. तिच्यात पायथॉनच्या पांडाज या साधनाने तक्ता मांडला की कोणत्या पार्टीकडे किती बाकी, हे क्षणात निघते. वही फुकट मिळते आणि काम चोख करते. मात्र एका ठिकाणी आपल्यासारख्यांनी सावध राहिले पाहिजे.

आपल्या धंद्यात सौदा एका ओळीत मावत नाही. ग्रे कापडाचीच नोंद घ्या. पहिल्या ओळीत 60 काउंट कॅम्ब्रिक, पन्ना 48 इंच. दुसऱ्या ओळीत पहिली खेप 20 ताके. तिसरीत डागाचा ताका परत घेणार. चौथीत रक्कम 45 दिवसांत. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर एकदम दाबून या चारही ओळी एकाच खान्यात लिहिता येतात. हाच तक्ता नोटबुकमध्ये उघडला की ओळी मोडून सगळे एका रांगेत येते आणि जिथे ओळ संपत होती तिथे उलटी तिरकी रेघ व तिला चिकटलेला इंग्रजी एन दिसतो. हे पाहून फाइल बिघडली असे समजू नये. ते 'इथे नवी ओळ' एवढेच सांगणारे चिन्ह आहे.

खरा धोका पुढे आहे. पांडाज एका खान्यातला मजकूर साधारण 50 अक्षरांपर्यंतच दाखवते, पुढे तीन टिंबे देते. त्यातही कॉम्प्युटर प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार वेगळा मोजतो, म्हणून मराठी नोंद आपल्या अंदाजाच्या आधीच तुटते. वरच्या सौद्यात कापडाचे नाव आणि पन्ना दिसेल, पण डागाचा ताका कोणी घ्यायचा आणि पैसे कधी यायचे, हे टिंबांच्या आड जाईल. भांडण नेमके याच दोन गोष्टींवरून होते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि लिहविणाऱ्याने त्यात काही कमी करू नये, अशीही ताकीद आहे. नोंद पूर्ण लिहूनही वाचणाऱ्याला अर्धीच दिसली तर लिहिण्याचा उपयोग काय?

उपाय दोन आहेत, आणि ओळी पाडायच्या असतील तर दुसरा एकटाही पुरतो. हुकूम अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. पहिला उपाय मर्यादा काढण्याचा. पांडाजच्या सेट ऑप्शन या हुकमात डिस्प्ले, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, कॉलविड्थ हे नाव देऊन त्याची किंमत नन ठेवावी. नन म्हणजे मर्यादा नाही. टिंबे गेली, पण मजकूर अजून एका रांगेतच राहतो.

दुसरा उपाय ओळी पाडण्याचा. तक्त्याच्या नावापुढे टिंब देऊन स्टाइल, मग टिंब देऊन सेट प्रॉपर्टीज असे लिहावे. गोल कंसात व्हाइट-स्पेस या गुणाची किंमत प्री-रॅप द्यावी. नावात हायफन असल्यामुळे ही जोडी अवतरणचिन्हांसह महिरपी कंसात लिहावी लागते आणि त्या कंसाआधी दोन तारे द्यावे लागतात. तारे विसरले की हुकूम चालत नाही. मुले इथेच अडकतात. काहीजण नुसते प्री लिहितात. त्याने ओळी पडतात, पण लांब ओळ दुमडत नाही आणि तक्ता पडद्याबाहेर पळतो. प्री-रॅपच बरे.

त्याच कंसात टेक्स्ट-अलाइन लेफ्ट आणि व्हर्टिकल-अलाइन टॉप हेही जोडावे, कारण नोटबुक मजकूर उजवीकडे व मधोमध लावते. उर्दूत शेरे लिहिणाऱ्यांना उजवी बाजूच सोयीची, त्यांनी लेफ्ट घालू नये!

स्टाइल लावल्याने फक्त दिसणे बदलते, मूळ नोंद तशीच राहते. पण असा तक्ता सगळ्या ओळी एकदम मांडू पाहतो. हजारो बिलांची वही असेल तर आधी एका पार्टीच्या नोंदी गाळून घ्याव्यात, मग स्टाइल लावावी.

हा तक्ता पुन्हा साध्या रीतीने एक्सेलमध्ये पाठवला तर ओळी आत असतात, पण खान्याला रॅप टेक्स्ट लावेपर्यंत दिसत नाहीत. सीएसव्ही फाइल करताना अधिक जपावे. तिच्यात अनेक ओळींचा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवलेला असतो. ती चिन्हे न जुमानणारा एखादा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीला नवी नोंद समजतो आणि एका सौद्याचे चार सौदे करतो. म्हणून फाइल दलालाला किंवा सीएकडे पाठवली की त्यांच्याकडे किती नोंदी उघडल्या, ते फोनवर विचारून आपल्या बिलांच्या संख्येशी जुळवून घ्यावे. एक्सेलमधून सीएसव्ही करताना प्रकार यूटीएफ-8 निवडावा, नाहीतर मराठी-उर्दू नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.