ओट्यावर काय बसवावं? शेगडीबद्दलचे आठ गैरसमज

स्वयंपाकघराचं नूतनीकरण निघालं की कारागीर पहिल्याच दिवशी विचारतो, "ताई, शेगडी ठेवणार की हॉब बसवणार? ग्रॅनाइट कापायच्या आधी सांगा." मग आपण दुकानात जातो, काचेची चकाकी बघतो, शेजारणीचं मत विचारतो आणि पुढची दहा-पंधरा वर्षं जिच्यासमोर रोज उभं राहायचं ती वस्तू अर्ध्या तासात ठरवून मोकळे होतो. बाजारात मुख्य प्रकार चार. ओट्यावर ठेवायची गॅसची शेगडी, ओट्यात बसवायचा हॉब, विजेवरची इंडक्शन किंवा इन्फ्रारेड शेगडी आणि खाली ओव्हन असलेली कुकिंग रेंज. यातलं एकही वाईट नाही. आपल्या घराला कोणतं जमेल हे मात्र आपली भांडी, आपला स्वयंपाक आणि घरातली गॅसची व विजेची सोय यांवरून ठरतं. त्याआड येणारे गैरसमज आधी दूर करू या.

गैरसमज १ : हॉब म्हणजे शेगडीचंच देखणं रूप. नको वाटला तर बदलता येतो.

वस्तुस्थिती : हॉबसाठी ओट्याचा दगड ठरावीक मापाने कापावा लागतो आणि हे माप प्रत्येक कंपनीचं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. पुढे दुसरा हॉब घेताना तो त्याच खाचेत बसेल याची खात्री नसते. म्हणून हॉब हातात आल्याशिवाय दगड कापू देऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हॉबचे सांधे ओट्याखालच्या बंद कपाटात येतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो. म्हणून त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूने झरोके हवेतच. हॉबचा खरा फायदा दिसण्यात नाही, उंचीत आहे. ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंच, त्यावर शेगडी, तिच्यावर मोठा कुकर. कमी उंचीच्या बाईचा खांदा ढवळून ढवळून भरून येतो. तिच्यासाठी हॉब हा चैनीचा विषय नाही.

गैरसमज २ : जास्त बर्नर आणि मोठी ज्योत म्हणजे झटपट स्वयंपाक.

वस्तुस्थिती : ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती भांडं नव्हे, स्वयंपाकघर तापवते. पाणी उकळायला लागलं की ज्योत कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातलं पाणी सुमारे १०० अंशांवरच राहतं, फक्त वाफ जास्त होते. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तिथेही एकदा दाब धरला की मंद आच पुरते.

बर्नरचंही तसंच. चार बर्नर असूनही ते जवळजवळ असतील, तर कुकर आणि कढई शेजारी मावत नाहीत आणि दोन बर्नर कायम रिकामे राहतात. दुकानात जाताना आपल्या सर्वांत मोठ्या कढईचं आणि तव्याचं माप घेऊन जा.

गैरसमज ३ : टफन्ड काच फुटत नाही.

वस्तुस्थिती : टफन्ड काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, पण अभेद्य नसते. फुटलीच तर तिचे सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक, बोथट कण होतात, हीच तिची सुरक्षितता. तिचा दुबळा भाग म्हणजे कडा. वरवंटा किंवा जड तवा कडेवर आदळला, की त्या वेळी काही दिसत नाही आणि काच नंतर कधीतरी फुटते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणं किंवा ओलं फडकं फिरवणं, बर्नरपेक्षा फार मोठं भांडं तासभर ठेवून उष्णता खाली परतवणं, हीसुद्धा कारणं असतात. घरात मोठी पातेली, सणावाराचा स्वयंपाक, भांड्यांची आदळआपट असेल तर स्टीलची शेगडी घ्यावी. ती जुनाट नाही, सोयीची आहे.

गैरसमज ४ : ऑटो इग्निशन आहे, म्हणजे शेगडी सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : ऑटो इग्निशन फक्त लाइटरचं काम करतं. दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली तर ते गॅस बंद करत नाही. ते काम करणारी सोय वेगळी असते. तिला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस म्हणतात. बर्नरजवळ धातूची एक छोटी कांडी असते. ज्योत विझून ती गार झाली, की काही वेळात गॅसची वाट आपोआप बंद होते. अशा शेगडीचं बटण पेटवताना काही सेकंद दाबून धरावं लागतं. ही कटकट नव्हे, तिची ओळख आहे. घरात विसराळूपणा वाढलेले आजी-आजोबा असतील, तर रंग आणि काच यांच्याआधी ही सोय आहे का ते विचारा. शेगडीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४२४६ हा मानक क्रमांकही पाहा.

गैरसमज ५ : सिलिंडरची शेगडी पाइप गॅसवर तशीच चालते.

वस्तुस्थिती : मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आला, की हा प्रश्न घरोघरी येतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमध्ये उष्णता निम्म्याहूनही कमी. त्यामुळे बर्नरच्या जेटचं भोक मोठं लागतं. जेट न बदलता जोडणी केली तर ज्योत मिणमिणते. उलट पाइप गॅसची शेगडी गावाकडे नेऊन सिलिंडरला जोडली, तर ज्योत मोठी, पिवळी आणि धोकादायक होते. शेगडी टाकून द्यायची गरज सहसा नसते, जेट बदलून घेतले की भागतं. पण ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

गैरसमज ६ : इंडक्शन आणि इन्फ्रारेड एकच, आणि दोन्हींतून घातक किरण निघतात.

वस्तुस्थिती : वरून दोन्ही काळ्या काचेच्या, पण आतलं काम अगदी वेगळं. इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लाल होते, तिच्या उष्णतेने काच आणि मग भांडं तापतं. म्हणून तिथे पितळ, ॲल्युमिनियम, स्टील सगळं चालतं, पण काच बराच वेळ चटका देणारी राहते. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्राने थेट भांड्याचं बूड तापतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व ते हेच. भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटला तर ते चालतं, नाहीतर नाही. बिडाचा सपाट तवा आणि सपाट बुडाची लोखंडी कढई चालते. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं, मातीची हंडी चालत नाही. स्टीलचं प्रत्येक भांडंही चालत नाही, चुंबक लावूनच पाहावं.

इंडक्शनचं चुंबकीय क्षेत्र क्ष-किरणांसारखं पेशींना इजा करणारं नसतं आणि भांड्यापासून दूर जाताच झपाट्याने क्षीण होतं. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी मात्र चालू इंडक्शनपासून सुमारे दोन फूट अंतर ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

स्वयंपाकाचा विचारही इथेच करावा. भाकरी बिडाच्या तव्यावर होते, पण ती ज्योतीवर धरून फुगवता येत नाही, फडक्याने दाबून फुगवावी लागते. भरिताचं वांगं आणि पापड भाजायला ज्योतच हवी. स्वस्त इंडक्शनवर मंद आच म्हणजे सलग मंद नव्हे, ते थांबून थांबून चालू होतं. पुरण आटवताना हे फार जाणवतं.

गैरसमज ७ : इंडक्शन नेहमीच गॅसपेक्षा स्वस्त पडतं (किंवा नेहमीच महाग).

वस्तुस्थिती : हिशेब घरी करता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता विजेच्या भाषेत सुमारे १८० युनिट. गॅस शेगडी त्यातली ६० ते ६८ टक्के भांड्यापर्यंत पोचवते, इंडक्शन सुमारे ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला साधारण १३० ते १४५ युनिट लागतात. सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागा. समजा, सिलिंडर ९१० रुपयांना पडतो, तर उत्तर येतं साडेसहा रुपये. आपल्याला शेवटचं युनिट याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं, महाग पडत असेल तर गॅस. शेवटचं युनिट अशासाठी, की वापर वाढला की आपलं बिल वरच्या टप्प्यात जातं आणि तिथला दर जास्त असतो.

२००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतं. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावू नये, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. घरातला नेहमीचा छोटा इन्व्हर्टर ते चालवू शकत नाही. वीज गेली की स्वयंपाक थांबतो, म्हणून गावाकडे ते एकटं पुरत नाही.

गैरसमज ८ : कुकिंग रेंज म्हणजे नुसता थाट.

वस्तुस्थिती : दर आठवड्याला केक, नानकटाई, पाव करणाऱ्या घरात ओव्हन कामाचा असतो. पण रेंज जमिनीवर उभी राहते, त्यामुळे सलग ओटा असेल तर तो तोडावा लागतो. महिन्यातून एकदा केक करणाऱ्याला गॅसची शेगडी आणि वेगळा छोटा ओव्हन पुरेसा आहे. अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र स्वयंपाकघरात बहुतेकदा रेंजच मिळते. तिथे काळी काच दिसली म्हणजे इंडक्शन असं समजू नये, ती बहुधा तापणाऱ्या तारेची असते. तिच्यावर बटण बंद केलं तरी आच लगेच उतरत नाही. फोडणी जळू नये म्हणून कढई उचलून बाजूला ठेवावी लागते.

शेगडी ठरवायची ती आपल्या ओट्यासमोर उभं राहून. आधी भांड्यांना चुंबक लावून पाहा. मग आठवडाभरात काय शिजतं ते लिहून काढा. नंतर गॅसची नळी, हवेची वाट आणि विजेचा पॉइंट तपासा. बहुतेक मराठी घरांसाठी योग्य उत्तर म्हणजे एकच एक शेगडी नाही. ज्योत विझली की गॅस बंद करणारी दोन-तीन बर्नरची शेगडी आणि शेजारी चहा-दूध-वरणभातापुरतं एक इंडक्शन, ही जोडी सर्वांत सोयीची ठरते. आणि ठरवताना घरात रोज स्वयंपाक कोण करतं, त्या माणसाचा शब्द शेवटचा माना.