एका पेटीतील तीन वारे

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, अरवली पर्वताच्या उत्तरेकडील टेकड्यांलगत गुरुग्राम हे शहर वसले आहे. २०१६ पर्यंत त्याचे नाव गुडगाव असे होते. समुद्र दूर असल्यामुळे येथील हवा दोन्ही टोकांना जाते. १५ मे २०२२ रोजी येथे तापमान ४८.१ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. जानेवारीच्या शीतलहरीत तेच कित्येकदा शून्याच्या जवळ उतरते. मुंबईच्या रहिवाशास केवळ उकाड्याशी झुंजावे लागते; गुरुग्रामच्या रहिवाशास मात्र वर्षातून एकदा घर थंड करावे लागते आणि एकदा ऊबदार ठेवावे लागते.

ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घ्यावीत, हा विचार अशा ठिकाणी साहजिकच सुचतो. तसे यंत्र अस्तित्वात आहे. पत्र्याची एक मोठी पेटी, तिच्या एका भागात वायूची ज्योत, दुसऱ्या भागात विजेवर चालणारा काँप्रेसर, आणि तिच्यापासून घरात गेलेले दोन रुंद हवामार्ग, असे त्याचे स्वरूप असते. ही पेटी गच्चीवर किंवा अंगणात बसवितात. उत्तर अमेरिकेत घरांच्या व दुकानांच्या छपरांवर ती सर्रास दिसते. आपल्याकडे ती अजून विरळा आहे. गुरुग्राममध्येही थंडाव्यासाठी विजेचा एसी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी वायूचा किंवा विजेचा गीझर, अशीच वाटणी बहुतेक घरांत आढळते. तथापि या यंत्राच्या मांडणीमागील तत्त्वे ज्याने जाणली, त्यास वायूच्या गीझरची मांडणीही निराळी शिकावी लागणार नाही.

तीन वारे

या पेटीतून तीन निरनिराळे वायुप्रवाह एकाच वेळी किंवा ऋतूप्रमाणे आळीपाळीने वाहत असतात.

पहिला वारा घरातील हवेचा. एक पंखा खोल्यांतील हवा एका मार्गाने पेटीत ओढतो आणि ती ऊन वा थंड झाली की दुसऱ्या मार्गाने खोल्यांत परत लोटतो. ही हवा घरातील माणसे श्वासावाटे घेतात.

दुसरा वारा उन्हाळ्यातला. यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती उचलून बाहेर टाकते. एका टनाचे वातानुकूलन यंत्र दर सेकंदास सुमारे ३,५०० ज्यूल उष्णता खोलीतून उचलते, आणि काँप्रेसरला पुरविलेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळवून ती सारी बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करते. त्यासाठी दुसरा पंखा बाहेरची हवा तप्त नळ्यांवरून खेळवितो.

तिसरा वारा हिवाळ्यातला, ज्योतीचा. ज्योत बाहेरची हवा घेते आणि तिचे धूर नसलेल्या, पण श्वसनास अयोग्य अशा वायूंत रूपांतर करून धूमनलिकेवाटे बाहेर सोडते. हे तप्त वायू बाहेर पडण्यापूर्वी पोलादाच्या पातळ नळ्यांतून जातात, आणि त्याच नळ्यांच्या बाहेरून पहिला वारा वाहत जाऊन ऊब घेतो. घराचा श्वास आणि ज्योतीचा उच्छ्वास यांच्यामध्ये सुमारे एक मिलिमीटर जाडीची धातूची भिंत काय ती असते.

सुरक्षित मांडणीचे बहुतेक सारे नियम एकाच सूत्रातून निघतात: हे तीन वारे एकमेकांत मिसळता कामा नयेत.

ज्योत आणि विष

गुरुग्राममध्ये नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन असतो. मुंबईजवळच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू गुजरातमधील हजिरा येथे आणून उत्तर भारतात नेणारी मोठी वाहिनी १९८०च्या दशकात टाकण्यात आली, आणि उत्तरेकडे या इंधनाचा प्रसार तेव्हापासून वाढला. आज त्यात परदेशांतून द्रवरूपाने आणलेल्या वायूचीही भर पडते.

एक घनमीटर मिथेन पूर्णपणे जळण्यास दोन घनमीटर प्राणवायू, म्हणजे सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते. एवढी हवा मिळाली तर कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होते. हवा अपुरी पडली, किंवा ज्योतीचा स्वतःचाच उच्छ्वास फिरून तिच्याकडे आला, तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूस रंग नाही, वास नाही, चव नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. पुढे १८९५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने स्वतःच हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदविले. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. म्हणून हवेच्या हजार भागांत त्याचा एक भाग असला, तरी काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. आरंभी डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. झोपलेल्या माणसास हेही कळत नाही. उत्तर भारतात हिवाळ्याच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हेच. कोंदट न्हाणीघरातील वायूच्या गीझरमुळे होणाऱ्या याच विषबाधेची नोंद भारतीय वैद्यकीय नियतकालिकांनी वेळोवेळी घेतली आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर जे वायूचे दिवे लागले, त्यांतील वायू दगडी कोळशापासून काढलेला असे, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे. तो नुसता गळला तरी विषारी ठरे. नैसर्गिक वायूत हे विष नसते. तो गळला तर स्फोटाचे भय असते, आणि त्याची सूचना देण्यासाठी त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तोच वायू नीट जळला नाही, तर मात्र विष उत्पन्न होते, आणि त्याची सूचना कोणताही वास देत नाही. पहिले संकट नाकास कळते. दुसऱ्यासाठी उपकरण लागते. म्हणून निजण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसविणे ही चैन मानू नये.

बाहेर म्हणजे कोठे?

हे यंत्र घराबाहेर बसविण्यासाठी घडविलेले असते. पण ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ गुरुग्रामसारख्या दाटीच्या शहरात दिसतो तितका सोपा नाही. काचा लावून बंद केलेली बाल्कनी बाहेर नव्हे. दोन इमारतींमधील अरुंद, चहूकडून भिंतींनी वेढलेला चौकही बाहेर नव्हे. तळमजल्यावरील मोटारी ठेवण्याची छताखालची जागाही बाहेर नव्हे. वर आकाश आणि बाजूस वाहती हवा असेल, तीच जागा यंत्राच्या दृष्टीने बाहेर होय. यंत्र बसविताना उघडी असलेली जागा पुढे धुळीच्या व थंडीच्या त्रासाने कोणी पत्र्याने किंवा काचेने बंद केली, तर निर्दोष यंत्रही त्या दिवसापासून धोक्याचे होते.

धूमनलिकेचे तोंड कोणत्याही उघडणाऱ्या खिडकीजवळ, दाराजवळ किंवा हवा आत घेणाऱ्या झरोक्याजवळ असू नये. अमेरिकेत रूढ असलेल्या नियमांनुसार पंख्याने धूर बाहेर लोटणाऱ्या यंत्रांसाठी, खिडकीच्या बाजूस वा खाली तोंड असल्यास सुमारे १.२ मीटर अंतर राखतात. तरी प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले अंतर व स्थानिक नियम यांपैकी जे अधिक कडक असेल, तेच प्रमाण मानावे. शेजाऱ्याची खिडकीही खिडकीच आहे, हे विसरू नये.

गुरुग्रामच्या हिवाळ्याचे एक वैशिष्ट्य येथे विचारात घ्यावे लागते. ज्या रात्री थंडी अधिक, त्याच रात्री वारा बहुधा पडलेला असतो आणि जमिनीलगतची जड, थंड हवा वरच्या उष्ण थराखाली कोंडून राहते. यंत्र सर्वांत अधिक काळ चालते ते नेमके अशा रात्री, आणि धूमवायू पांगण्यास सर्वांत अधिक अवधी लागतो तोही तेव्हाच. म्हणून मोकळ्या जागेच्या बाबतीत नियमात सांगितलेल्यापेक्षा हात आखडता घेऊ नये.

घरात जाणाऱ्या हवामार्गांचे सांधे तितक्याच काळजीने बुजवावे लागतात. खोल्यांतील हवा पेटीकडे ओढणाऱ्या मार्गात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्या मार्गाला धूमनलिकेजवळ एखादी फट राहिली, तर पंखा तेथून धूमवायू आत ओढून तो नियमितपणे खोल्यांत वाटत राहील. ज्योत घराबाहेर असूनही विष घरात पोहोचावे, याचा हा सर्वांत सरळ मार्ग होय.

बैठक, नळ आणि वीज

यंत्राचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असते. गच्ची तो भार पेलू शकते की नाही, हे बांधकामाच्या अभियंत्याकडून आधी पाहून घ्यावे. बैठक समतल, पावसाच्या पाण्यापासून उंच आणि कंप शोषणाऱ्या रबरी पट्ट्यांची असावी. पेटी बोल्टांनी जखडावी. मे-जूनमधील धुळीची वादळे आणि भूकंपप्रवण भूमी ही दोन्ही या प्रदेशाची वस्तुस्थिती आहे.

मीटरच्या पुढील वायुनळाचे काम शहरास वायू पुरविणाऱ्या कंपनीने मान्य केलेल्या कारागिरानेच करावे. एसी दुरुस्त करणारा मनुष्य आपल्या कामात कितीही वाकबगार असला, तरी त्यास हा अधिकार नाही. घरगुती नळातील दाब सुमारे २१ मिलिबार इतका अल्प असतो. म्हणून लांब व अरुंद नळ टाकल्यास ज्योतीस पुरेसा वायू मिळत नाही. यंत्राजवळ, सहज हात पोहोचेल अशा ठिकाणी, वायू बंद करण्याची झडप हवीच. जोडणीनंतर नळात हवा भरून तो दाब टिकवितो की नाही हे पाहावे, आणि त्या वेळी यंत्राची नाजूक वायुझडप नळापासून अलग ठेवावी. वायू सोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे. काडी पेटवून गळती शोधण्याची जुनी खोड प्राणघातक आहे. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असेल तर ते मिश्रण पेट घेते.

यंत्र सिलिंडरच्या वायूसाठी बनविलेले आहे की नळाच्या, हे पाहणेही तितकेच आवश्यक. सिलिंडरच्या वायूची उष्णता समान घनफळामागे नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट असते. म्हणून बर्नरची छिद्रे व दाबाची योजना दोहोंसाठी भिन्न असते, आणि ती न बदलता इंधन बदलल्यास ज्योत बिघडते. शिवाय नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने वर जातो, सिलिंडरचा वायू जड असल्याने खाली साचतो. गळती शोधताना हा फरक उपयोगी पडतो.

विजेसाठी स्वतंत्र तार, यंत्राच्या नजरेच्या टप्प्यातील स्वतंत्र खटका आणि योग्य अर्थिंग असावे. वायूचा नळ अर्थिंग म्हणून कदापि वापरू नये.

प्रत्येक ऋतूच्या तोंडाशी

उन्हाळ्यात दुसरा वारा कोंडला, तर यंत्राने टाकलेली उष्ण हवा त्याच्याचकडे परत येते, दाब वाढतो आणि काँप्रेसर बंद पडतो. त्यात जीवास धोका क्वचितच असतो. हिवाळ्यातील तिसरा वारा कोंडला, तर मात्र धोका थेट जिवास असतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास, पहिली थंडी पडण्यापूर्वी, जाणकाराकडून यंत्र उघडून पाहवावे. धूमनलिकेत कबुतराचे घरटे, गांधीलमाश्यांचे पोळे किंवा धूळ साचली नाही ना. पातळ नळ्यांस गंज वा तडा नाही ना. धूमवायूतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण उपकरणाने मोजले असता मर्यादेत आहे ना, या गोष्टी पाहाव्यात. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी, डुलणारी किंवा काजळी धरणारी असेल, तर यंत्र बंद ठेवावे. पण ज्योत निळी आहे एवढ्यावरच निर्धास्त होऊ नये.

घंटा वाजली, किंवा घरातील एकाहून अधिक माणसांचे डोके एकदम दुखू लागले, तर कारण शोधीत बसू नये. सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत जावे, जमल्यास जाता जाता झडप बंद करावी, आणि वैद्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा संशय स्पष्ट शब्दांत सांगावा. कारण या विषबाधेची लक्षणे साध्या ज्वरासारखी किंवा बिघडलेल्या अन्नाच्या बाधेसारखी दिसतात आणि न सांगितल्यास चुकीचा उपचार होण्याचा संभव असतो. वास आला तर विजेचा एकही खटका न दाबता बाहेर पडावे आणि बाहेरून वायू कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.