जुनं रंधा मशीन घेताय? रंग नाही, बीड बघा

धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. "दादा, थिकनेसर घ्यायचाय. जुनाच बघतोय. साठ हजार जमलेत. येशील का सोबत?" मी दिवसभर कोड लिहितो, लाकडातलं त्यालाच जास्त कळतं. पण दारं-खिडक्या करून तीन वर्षांत जमवलेले पैसे होते ते. चुकलं तर पुन्हा तीन वर्षं. म्हणून आधी नीट अभ्यास केला, मग गाडी काढली. त्या अभ्यासाचा हा एपिसोड.

पहिला गोंधळ इथेच मिटवू. थिकनेसर वाकडी फळी सरळ करत नाही. त्यात खाली सपाट टेबल असतं, वर पात्यांचा फिरणारा कटर ब्लॉक आणि फळी ओढणारे रोलर. रोलर वाकडी फळी दाबून सपाट करतात, पाती तिला तासतात आणि बाहेर पडली की फळी पुन्हा वाकडी! म्हणजे जाडी एकसारखी, पण वाक तसाच. आधी सरफेस रंध्यावर एक बाजू सरळ करायची, मग ती बाजू खाली ठेवून थिकनेसरमधून काढायची. एकाच मशीनवर दोन्ही कामं हवी असतील तर कंबाइंड रंधा बघा. आम्ही तोच शोधत होतो.

दोन मशीनं बघितली. एक जळगावात, ताज्या निळ्या रंगाचं, सांगितली किंमत अठ्ठेचाळीस हजार. दुसरं धुळ्यातच, बंद पडलेल्या वखारीत, भुशाने माखलेलं, बावन्न हजार. मन साहजिकच निळ्यावर गेलं.

आता मुख्य मुद्दा. मशीनचे दोन भाग समजा. एक बदलता येणारा: बेअरिंग, पाती, पट्टा, पुली, मोटर. दुसरा न बदलणारा: बीडाची बॉडी, टेबल आणि बेअरिंगची बैठक. पहिल्यातला दोष म्हणजे भाव पाडायची संधी. दुसऱ्यातला दोष म्हणजे घरी परत.

बीडातली चीर रंगाखाली लपते. तिच्यासाठी जुनी युक्ती आहे. संशयाच्या जागेचा रंग खरवडा, घासलेट लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं घासलेट बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. निळ्या मशीनच्या बेअरिंगच्या बैठकीपाशी अशी बोटभर रेघ उमटली. विकणारा म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो ना भो." पण बीडात कार्बन जास्त असतो. साध्या वेल्डिंगने तापून थंड होताना ते शेजारीच पुन्हा तडकू शकतं. मिनिटाला चार हजार फेरे घेणारा ब्लॉक अशा बैठकीवर कोण बसवेल? आम्ही चहा घेतला आणि निघालो.

धुळ्याच्या मशीनवर सोबत नेलेली फळी चालवली आणि व्हर्नियरने दोन्ही कडा मोजल्या. एकीकडे २४ मिलिमीटर, दुसरीकडे २४.६. मामेभावाचा चेहरा पडला. पण टेबल उचलणाऱ्या स्क्रूंना जोडणारी साखळी एक दात सरकली होती. म्हणजे बसवता येणारा दोष. पट्टा काढून ब्लॉक हाताने फिरवला तर बेअरिंग खरखरत होतं. तोही बदलता येणारा. हे दोन्ही दाखवून सौदा चव्वेचाळीस हजारांवर आणला. उरले सोळा हजार, अपग्रेडसाठी.

खर्चाचा क्रम असा ठेवला. आधी बेअरिंग, त्यावरचा नंबर दुकानात दाखवला की काम होतं. मग पाती. तिन्ही पाती सारख्या वजनाची आणि सारख्या उंचीवर हवीत, नाहीतर ब्लॉक थरथरतो. पात्यांचे बोल्ट दोनदा तपासा, सुटलेलं पातं गोळीसारखं येतं.

मग पुलीचं गणित. मोटर १,४४० फेऱ्यांची, तिची पुली ६ इंची, ब्लॉकची २ इंची, म्हणजे ब्लॉक ४,३२० फेरे घेतो. तीन पाती म्हणजे मिनिटाला १२,९६० काप. फळी मिनिटाला ६ मीटर सरकत असेल तर दर ०.४६ मिलिमीटरला एक काप, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत. फक्त दोनच पाती कापत असतील तर हेच अंतर ०.६९ होतं आणि फळीवर लाटा दिसतात. पण वेग वाढवायला मनाने मोठी पुली लावू नका. ब्लॉकची मर्यादा ओलांडली तर जिवावर येईल.

वीज! मोटर थ्री फेजची, दुकानात सिंगल फेज. ३ एचपीपर्यंत व्हीएफडीने काम भागतं, पण तो २३० व्होल्टची थ्री फेज देतो. म्हणून नेमप्लेटवर डेल्टाला २३० लिहिलं असेल तरच वायरमनकडून स्टारचं डेल्टा करून घ्यायचं. आणि घरगुती मीटरवर धंदा नको, महावितरणकडून औद्योगिक कनेक्शन घ्या.

भुसा ओढणारा पंखा मात्र टाळू नका. लाकडाच्या धुळीने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. दोन रोलरमधल्या अंतराहून आखूड तुकडा आत घालायचा नाही. गळ्यात गमछा नको, हातात मोजे नकोत.

पैसे कमी पडत असतील तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं.

आठवड्याने पहिली सागाची फळी बाहेर आली. मामांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, "जुनं शे, पण खमकं शे." मामेभावाने मात्र आधी व्हर्नियर काढला. दोन्ही कडा २४.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर घासलेट आणि खडू जवळ ठेवा!